पेशीच्या आत कोण कोणाला भेटते?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकातील लेखात आम्ही असे लिहिले होते, की पेशीतील फारच थोडी कामे एकटेदुकटे प्रथिन करते आणि बहुतेक कामांसाठी दोन किंवा अधिक प्रथिनांना एकत्र यावे लागते. या एका वाक्यावर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त पत्रे आली. बहुतेकांचा रोख एकच होता : हे तुम्हाला कळले कसे? त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका शाळेत विज्ञान शिकवते. पेशीतील प्रथिने एकमेकांना जोडली जातात असे वर्गात सांगितल्यावर आठवीतील एका मुलीने विचारले, "बाई, ते कोणी पाहिलंय का?" सूक्ष्मदर्शकातून दिसते, असे मी सांगून वेळ मारून नेली. पण खरोखर दिसते का?

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीने नेमका हवा तो प्रश्न विचारला आहे. खरे सांगायचे तर, जिवंत पेशीत दोन प्रथिने एकमेकांना स्पर्श करताना कोणालाही थेट दिसत नाहीत. साध्या प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा कमी अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखू येत नाहीत, आणि ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीतून आलेली असल्यामुळे कितीही महाग भिंग आणले तरी ती जात नाही. हिमोग्लोबिनचा रेणू जेमतेम ५ ते ६ नॅनोमीटरचा असतो, म्हणजे अशा एका धूसर ठिपक्याच्या रुंदीत तीसेक हिमोग्लोबिन एका रांगेत बसतील. हातात हात घालून उभी असलेली दोन माणसे आणि एकाच मैदानाच्या दोन टोकांना उभी असलेली दोन माणसे या सूक्ष्मदर्शकाला सारखीच दिसतात. ज्या नव्या पद्धतींना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले त्यांनी ही मर्यादा बरीच खाली आणली आहे, तरीही जवळ असणे आणि जोडलेले असणे यांतला फरक त्यांनाही सहजासहजी सांगता येत नाही.

तेव्हा भेट दिसत नसली, तरी भेट झाल्याची खूण शोधायची, असा मार्ग संशोधकांनी काढला. त्यातली सर्वांत देखणी खूण दोन रंगांची आहे. एका प्रथिनाला निळसर चमकणारा रेणू जोडायचा, दुसऱ्याला पिवळा चमकणारा, आणि फक्त निळ्याला उद्दीपित करील असा जांभळट प्रकाश पेशीवर टाकायचा. दोन्ही प्रथिने एकमेकांपासून दूर असतील, तर निळाच प्रकाश बाहेर येतो. ती अगदी जवळ आली, तर निळ्याने घेतलेली ऊर्जा प्रकाश न होताच शेजारच्या पिवळ्याकडे जाते आणि पेशी पिवळी चमकू लागते. या ऊर्जा-हस्तांतरणाचे गणित जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर फॉर्स्टर यांनी १९४० च्या दशकात मांडले; प्रयोगशाळेत सगळे त्याला नुसते 'फ्रेट' म्हणतात.

फ्रेटची खरी ताकद त्याच्या गणितात आहे. ऊर्जा पलीकडे जाण्याचे प्रमाण अंतराच्या सहाव्या घाताने घसरते. निळ्या-पिवळ्या जोडीसाठी साधारण ५ नॅनोमीटरवर निम्मी ऊर्जा पलीकडे जाते असे धरले, तर अंतर दुप्पट, म्हणजे १० नॅनोमीटर, होताच ते प्रमाण ६५ मध्ये १ भाग, म्हणजे दीड टक्क्यावर येते. प्रथिनांच्या स्वतःच्या मापाइतकीच ही पट्टी असल्यामुळे पिवळी चमक दिसली, की दोन प्रथिने एकमेकांना खेटून आहेत असे म्हणता येते. लुबर्ट स्ट्रायर आणि रिचर्ड हॉगलंड यांनी १९६७ मध्ये ही पट्टी तपासून घेतली होती : प्रोलीन या अमिनो आम्लाच्या १ ते १२ दुव्यांच्या ताठ साखळ्या करून त्यांच्या दोन टोकांना दोन रंगद्रव्ये लावली, आणि साखळी लांबवत नेली तशी ऊर्जा गणिताबरहुकूम कमी होत गेली.

मात्र हे रंग जिवंत पेशीच्या आत पोहोचवायचे कसे, हा प्रश्न आणखी पंचवीसेक वर्षे अडून राहिला. उत्तर समुद्रातून आले. ओसामु शिमोमुरा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथे जेलीफिश गोळा करत होते. एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशच्या कडेला हिरवा प्रकाश दिसे, परंतु तिच्यापासून वेगळे काढलेले मुख्य प्रथिन निळे चमके. पुढे उलगडा झाला, की तिच्या शरीरात निळ्या प्रथिनाची ऊर्जा शेजारच्या दुसऱ्या, हिरव्या प्रथिनाकडे जाते. आपण ज्याला युक्ती म्हणतो आहोत ती त्या जेलीफिशकडे आधीपासूनच होती! त्या हिरव्या प्रथिनाचे जनुक डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये वेगळे केले, मार्टिन चॅल्फी यांनी १९९४ मध्ये ते जिवाणूत आणि कृमीत घालून हिरवा प्रकाश दाखवला, आणि रॉजर त्सिएन यांनी त्याचे निळसर, पिवळसर असे रंग बनवले. शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना २००८ चे नोबेल मिळाले. ते मिळाले तेव्हा प्रॅशर अलाबामा राज्यात एका मोटारविक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते, कारण त्यांच्या संशोधनाचे अनुदान कधीच संपले होते. चॅल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना स्वखर्चाने स्टॉकहोमच्या समारंभाला नेले, एवढेच त्यातले समाधान.

आता त्या प्रयोगातला एक क्षण जवळून पाहू. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एक पेशी आहे, तिच्या कडेने पिवळी झळाळी आहे. झळाळी पाहून लगेच निष्कर्ष काढायचा नसतो. पेशीच्या एका चौकोनी भागावर फक्त पिवळ्या रेणूंनाच उद्दीपित करणारा तीव्र प्रकाशझोत रोखून तेथील पिवळे रेणू कायमचे जाळून टाकायचे. निळा रेणू जर आपली ऊर्जा खरोखरच पिवळ्याला देत असेल, तर घेणाराच न उरल्यामुळे ती ऊर्जा आता निळ्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडली पाहिजे. आणि तसेच होते : तेवढ्याच चौकोनात निळा रंग एकदम उजळतो, बाजूची पेशी होती तशीच राहते. विझवल्याने काहीतरी उजळते, हे प्रत्यक्ष पाहताना अजूनही गंमत वाटते.

ही पडताळणी का लागते, ते मी स्वतःच्या फजितीतून शिकलो आहे. संशोधक-विद्यार्थी असताना मला एका जोडीत भरघोस पिवळा प्रकाश मिळाला आणि तीन आठवडे मी हवेत होतो. मग एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी शांतपणे विचारले, "नुसत्या निळ्याच्या पेशी पाहिल्यास का?" पाहिल्या नव्हत्या. पाहिल्या तेव्हा त्यांतही पिवळा दिसला, कारण निळ्याच्याच प्रकाशाचा थोडा भाग पिवळ्याच्या गाळणीतून झिरपत होता आणि माझ्या जोडीदार प्रथिनाचा त्यात काडीचाही हात नव्हता. तेव्हापासून नुसता निळा, नुसता पिवळा आणि जोडले जाण्याची जागाच मोडून टाकलेले प्रथिन, अशा तीन तुलना शेजारी असल्याशिवाय मी कोणाच्या पिवळ्या चित्रावर विश्वास ठेवत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. पिवळे दिसले नाही, म्हणजे भेट झाली नाही, असे मुळीच नाही. दोन्ही चमकणारे रेणू जोडगोळीच्या विरुद्ध टोकांना असतील किंवा एकमेकांशी अवघड कोनात असतील, तर प्रथिने घट्ट मिठीत असूनही ऊर्जा जात नाही. आपल्या विद्यार्थिनीला सांगावे, की भेट कोणी पाहिलेली नाही, पण भेटीशिवाय घडू शकणार नाही अशी गोष्ट पुष्कळांनी पाहिली आहे.

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पेशी फोडून प्रथिने परीक्षानळीत काढावीत आणि चिकटतात का ते तपासावे, हे सोपे नाही का?

उत्तर : सोपे आहे, आणि रोज केलेही जाते. ज्या प्रथिनात रस आहे त्याला ओळखणारे प्रतिपिंड बारीक मण्यांवर बसवतात, फोडलेल्या पेशींचा रस त्यावर सोडतात, मणी धुतात आणि मुख्य प्रथिनाबरोबर आणखी कोण अडकून आले ते पाहतात. प्रयोगशाळेतील भाषेत याला 'को-आयपी' म्हणतात. एखाद्या प्रथिनाच्या सोयऱ्यांची पहिली यादी अनेकदा याच मार्गाने मिळते.

अडचण अशी, की पेशी फोडणे म्हणजे घराच्या सगळ्या भिंती पाडून मग कोण कोणाशेजारी उभे आहे ते पाहणे. केंद्रकात राहणारे प्रथिन आणि तंतुकणिकेत राहणारे प्रथिन आयुष्यात कधी समोरासमोर येत नाहीत, परंतु रसात ती एकत्र कालवली जातात आणि तेथे सोयीची चिकट जागा सापडली तर जोडलीही जातात. याउलट, खरे संबंध हातचे निसटतात. पेशीतील निरोप पोहोचवणाऱ्या अनेक जोड्या सेकंदभर किंवा त्याहूनही कमी काळ टिकतात. मणी तीनदा धुवून होईपर्यंत त्या केव्हाच सुटलेल्या असतात.

शिवाय पेशीचे अंतरंग म्हणजे पाणी नव्हे. ई. कोलाय या जिवाणूत दर लिटरमागे ३०० ग्रॅमहून अधिक प्रथिने आणि आरएनए दाटीवाटीने भरलेली असतात. जेलीफिशचे तेच हिरवे प्रथिन या जिवाणूच्या आत साध्या पाण्यातल्यापेक्षा सुमारे १० पट सावकाश फिरते, असे मोजून पाहिलेले आहे. सायंकाळच्या लोकलमधील गर्दीत माणसे जशी नको तितकी जवळ येतात, तशी दाटीमुळे काही प्रथिने एकमेकांकडे ढकलली जातात, तर काही इतर शेजाऱ्यांना हलकी चिकटत राहून इष्ट जोडीदारापर्यंत उशिरा पोहोचतात. परीक्षानळीत मोजलेली ओढ पेशीत जशीच्या तशी लागू पडत नाही, ती यामुळे.

या दोन्हींच्या मधला एक मार्ग गेल्या दशकभरात फार लोकप्रिय झाला आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उधळणारा माणूस आपण पाहिला असेल. मिरवणूक पांगल्यावरही ज्यांचे कपडे लाल आहेत ते त्याच्या आसपास होते, हे कोणीही सांगू शकतो. याच धर्तीवर आपल्या प्रथिनाला एक असे विकर जोडतात, की ते आजूबाजूच्या सुमारे १० नॅनोमीटरमधील प्रथिनांवर बायोटिनचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या ब गटातील एका जीवनसत्त्वाचा, शिक्का मारत सुटते. शिक्के मारले जातात तेव्हा पेशी जिवंत आणि अखंड असते. नंतर ती फोडून कितीही कडक धुतली तरी चालते, कारण शिक्का पक्का बसलेला असतो आणि स्ट्रेप्टाव्हिडीन नावाचे प्रथिन बायोटिनला इतके घट्ट धरते, की शिक्का बसलेली सगळी प्रथिने एका फटक्यात गोळा करता येतात. २०१२ मध्ये आलेल्या या पद्धतीत शिक्के बसायला १८ ते २४ तास लागत. २०१८ मध्ये अॅलिस टिंग यांच्या गटाने विकरात बदल करून ते काम १० मिनिटांवर आणले. यातही खोट आहेच. गुलाल ज्याच्यावर पडला तो मिरवणुकीतलाच होता, की फुटपाथवरून भाजी घेऊन चालला होता, हे गुलाल सांगत नाही. म्हणून तेच विकर कोणत्याही प्रथिनाला न जोडता पेशीत मोकळे सोडून कोणाकोणावर शिक्के पडतात तेही पाहावे लागते आणि ती नावे यादीतून वजा करावी लागतात.

प्रश्न : यीस्ट वापरून प्रथिनांच्या जोड्या शोधतात असे वाचले. पावात घालतो तेच यीस्ट का? आणि त्याचा येथे काय संबंध?

उत्तर : होय, तेच. स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक येथे १९८९ मध्ये ही पद्धत मांडली, आणि तिचा साधेपणा पाहून आपल्याला हे का सुचले नाही असे अनेकांना वाटले असेल. यीस्टमध्ये गॅल४ नावाचे एक प्रथिन जनुके चालू करते. त्याचे दोन भाग असतात : एक भाग डीएनएवर ठरलेली जागा पकडतो, दुसरा भाग जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला तेथे बोलावतो. हे दोन भाग तोडून वेगळे केले, तर जनुक बंद पडते. मात्र ते पुन्हा एकसंध जोडण्याची गरज नसते, नुसते एकमेकांजवळ आणले तरी पुरते. फील्ड्स आणि साँग यांनी एका भागाला एसएनएफ१ हे यीस्टचेच प्रथिन जोडले आणि दुसऱ्याला एसएनएफ४. ही दोन प्रथिने एकमेकांना धरतात हे आधी ठाऊक होते. त्यांनी एकमेकांना धरताच गॅल४ चे दोन्ही तुकडे जवळ आले, निळा रंग आणणारे जनुक चालू झाले आणि यीस्टच्या वसाहती निळ्या झाल्या.

याचा फायदा संख्येत आहे. माणसाच्या सुमारे २० हजार प्रथिन-जनुकांच्या शक्य जोड्या २० कोटींच्या घरात जातात. एकेक जोडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची म्हटली तर पिढ्या जातील. यीस्टमध्ये मात्र हजारो जोड्या ताटल्यांवर एकाच वेळी वाढवता येतात आणि निळी झालेली किंवा तग धरून वाढलेली वसाहत उचलायची, एवढेच काम उरते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी प्रथिनांच्या नकाशात याच पद्धतीने सुमारे ५३ हजार जोड्या नोंदवल्या गेल्या.

पण ही सगळी भेट यीस्टच्या केंद्रकात घडवून आणलेली असते. पेशीच्या पटलात रुतून राहणारी प्रथिने तेथे नीट जाऊच शकत नाहीत. माणसाच्या पेशीत काही प्रथिनांवर फॉस्फेटची खूण बसल्याशिवाय ती जोडली जात नाहीत, आणि ती खूण यीस्ट करीलच असे नाही. काही प्रथिने तर जोडीदार नसतानाही स्वतःच जनुक चालू करून बसतात. त्यामुळे यीस्टने जमवलेली सोयरीक पत्रिका जुळण्यासारखी समजावी. लग्न ठरले की नाही, ते मानवी पेशीतच विचारावे लागते.

प्रश्न : आम्ही गडचिरोलीकडचे. माझ्या पुतण्याला सिकलसेल आहे. तो रक्तातील प्रथिनाचा आजार आहे असे डॉक्टर म्हणाले. आपण लिहिता त्या 'प्रथिनांच्या भेटी'शी याचा काही संबंध आहे का?

उत्तर : अगदी थेट संबंध आहे, किंबहुना नको असलेली भेट काय करू शकते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. हा रेणूचा आजार आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. पुढे १९५० च्या दशकात व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमका फरक शोधला : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला पाणी मानवते. व्हॅलीन तेलकट वृत्तीचे असल्यामुळे पाण्यापासून दूर, आडोसा शोधते.

हिमोग्लोबिनने प्राणवायू धरलेला असतो तोवर फारसे बिघडत नाही. प्राणवायू सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूवर ८५ व्या आणि ८८ व्या अमिनो आम्लांपाशी असलेली एक खोबण व्हॅलीनला बसण्याजोगी होते. एका रेणूचे व्हॅलीन दुसऱ्याच्या खोबणीत, अशी रेणूंची साखळी वाढत जाते आणि १४ पदरांचा पीळदार दोर तयार होतो. असे दोर पेशीत वाढू लागले, की मऊ, गोल तांबडी पेशी ताठ होऊन कोयत्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते.

हे सारे परीक्षानळीपेक्षा पेशीतच समजून घ्यावे लागते, कारण तांबड्या पेशीत दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ३३ ग्रॅम हिमोग्लोबिन असते आणि या दाटीवरच सगळे अवलंबून आहे. प्राणवायू सोडल्यावर दोर लगेच तयार होत नाहीत. काही काळ काहीच घडत नाही आणि मग एकाएकी दोर पसरतात. हा मधला काळ हिमोग्लोबिनच्या दाटीवर विलक्षण अवलंबून असतो : दाटी थोडीशी कमी झाली, तरी तो अनेक पटींनी लांबतो. तेवढ्या वेळात पेशी अरुंद केशवाहिनीतून पार होऊन फुफ्फुसाकडे परतली, तर प्राणवायू मिळून धोका टळतो. अमेरिकेतील विल्यम ईटन यांच्या गटाने हा काळ एकेका पेशीत मोजण्यासाठी सुरेख क्लृप्ती केली. त्यांनी हिमोग्लोबिनला प्राणवायूऐवजी कार्बन मोनॉक्साइड चिकटवला आणि लेसरच्या झोताने तो क्षणात झटकून टाकला, म्हणजे घड्याळ नेमके केव्हा सुरू करायचे ते हातात आले. चमकणाऱ्या प्रथिनांची युक्ती येथे उपयोगाची नव्हती, कारण पक्व तांबड्या पेशीला केंद्रक नसते आणि तिच्यात नवे जनुक घालून काही साधत नाही.

पुतण्याला डॉक्टर पाणी भरपूर प्यायला का सांगतात, ते यावरून लक्षात येईल : शरीरातील पाणी कमी झाले की पेशी आक्रसते आणि दाटी वाढते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध अनेक रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते, आणि ते हिमोग्लोबिन दोरात सामील होत नाही. गावातल्या तपासणीत रक्ताचा थेंब टाकल्यावर द्रावण गढूळ झाले की नाही ते पाहतात. तेथेही प्राणवायू काढून घेणारे रसायन घालून हीच भेट बाहेर घडवून आणलेली असते. गढूळपणा आला तरी आजार आहे की केवळ वाहकत्व, हे त्या चाचणीतून ठरत नाही, त्यासाठी पुढची तपासणी करून घ्यावीच. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे आणि विदर्भ व नंदुरबारकडील आदिवासी भागांत या तपासणीला विशेष महत्त्व आहे. औषधाचे प्रमाण आणि वेळ मात्र पुतण्याच्या डॉक्टरांनीच ठरवावी.

प्रश्न : प्रथिनाला चमकणारे शेपूट जोडले तर त्याचे वागणे बदलणार नाही का?

उत्तर : बदलू शकते. जेलीफिशचे हिरवे प्रथिन २३८ अमिनो आम्लांचे आहे आणि इन्सुलिनच्या रेणूपेक्षा साडेचार पटींहून अधिक जड आहे. लहान प्रथिनाला ते जोडणे म्हणजे सायकलला बैलगाडी बांधणे. म्हणून शेपूट एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला लावून पाहतात. मूळ जनुक काढून टाकून शेपटीच्या प्रथिनावरच पेशी जगते का, ही सर्वांत कडक परीक्षा. त्यातही जुनी खोड अशी, की बाहेरून घातलेले जनुक गरजेपेक्षा कितीतरी जास्त प्रथिन बनवते आणि मग नुसत्या गर्दीमुळे भेटी होतात. आता क्रिस्पर या जनुकात नेमका बदल करण्याच्या तंत्राच्या साहाय्याने मूळ जनुकालाच शेपूट जोडता येते, त्यामुळे प्रथिनाचे प्रमाण नैसर्गिक राहते. चमक फिकी पडते, पण ती खरी असते.

प्रश्न : माझे नाशिकला औषधाचे दुकान आहे. अशा संशोधनातून एखादे औषध निघाले आहे का?

उत्तर : निघाले आहे, पण सहजी नाही. बहुतेक जुनी औषधे विकराच्या खोल खळग्यात जाऊन बसतात. दोन प्रथिनांमधला सांधा मात्र सपाट आणि पसरट असतो, औषधाच्या छोट्या रेणूला तेथे पाय रोवायला जागाच मिळत नाही. तरीही व्हेनेटोक्लॅक्स या औषधाने ते साधले. काही रक्तकर्करोगांत बीसीएल-२ हे प्रथिन पेशीला मरणाचा आदेश देणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवते. व्हेनेटोक्लॅक्स त्याच खाचेत जाऊन बसते, धरलेली प्रथिने सुटतात आणि कर्करोगाची पेशी मरते. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

आपल्या दुकानात सिरोलिमस येत असेल, तर त्याचे काम नेमके उलटे आहे. ते दोन प्रथिनांना एकत्र आणते. ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूत हा रेणू सापडला आणि बेटाच्या रापा नुई या नावावरून त्याला रापामायसिन म्हणू लागले. त्याचा पाठपुरावा भारतीय वंशाचे सुरेंद्रनाथ सेहगल यांनी केला. मॉन्ट्रियलमधील त्यांची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला, म्हणून पुढे १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी ते औषध मान्य होऊ शकले. हा रेणू एका बाजूने एफकेबीपी१२ या प्रथिनाला आणि दुसऱ्या बाजूने एमटॉर या प्रथिनाला धरतो. आम्हा प्रयोगशाळेतील मंडळींना त्याचा वेगळाच उपयोग : ज्या दोन प्रथिनांची भेट घडवायची त्यांना हे दोन धरले जाणारे तुकडे जोडायचे आणि औषधाचे काही थेंब टाकायचे. काही मिनिटांत भेट होते. पद्धत नीट चालते की नाही, हे तपासायला हुकमी घडणारी भेट हाताशी असणे फार सोयीचे असते.

प्रश्न : अल्फाफोल्ड आता संगणकावरच सांगतो की कोण कोणाला जोडले जाईल. मग हे प्रयोग कशाला?

उत्तर : अल्फाफोल्ड ही प्रथिनांचा आकार वर्तवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची संगणक-प्रणाली. तिच्या कामाला २०२४ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो योग्यच आहे, आणि आज आमच्याकडेही प्रयोग आखण्यापूर्वी आधी त्याचे चित्र पाहिले जाते. सांधा कोठे असेल, हे तो पुष्कळदा चांगले सांगतो आणि त्यामुळे कोणते अमिनो आम्ल बदलून पाहायचे ते लवकर ठरते. परंतु ती दोन प्रथिने एकाच पेशीत, एकाच वेळी, एकाच कप्प्यात आहेत का आणि किती क्षण एकत्र राहतात, हे त्या चित्रात नसते.

प्रश्न : मी रत्नागिरीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे सारे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर कोठे जावे?

उत्तर : पुण्यात पाषाणची आयसर आणि विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, मुंबईत कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, नवी मुंबईत खारघरचे अॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र, या सर्व ठिकाणी जिवंत पेशींचे चित्रण चालते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आसपास, अनेक संस्था विद्यार्थ्यांसाठी दारे उघडतात. आपल्या प्राध्यापकांमार्फत आधी पत्र पाठवून विचारणा करावी. संधी मिळाली तर पिवळा रंग जाळून निळा उजळवण्याचा प्रयोग दाखवा, अशी विनंती करावी. तयार पेशी असतील तर तो पाहायला फार वेळ लागत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत मात्र अंधार असतो आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो, त्यामुळे आत शिरण्यापूर्वी मोबाइल खिशात ठेवावा.